रानजायफळाची रोपवाटिका: प्रकल्प नोंदी, दोडामार्ग, मे २०२४ ते ऑगस्ट २०२५

२८ मे २०२४

रानजायफळाची देवराई पाहिली. गावाचं नाव या वहीत मुद्दाम घालत नाही. सालीला, बियांना, पत्रीला (बीभोवतीच्या आवरणाला) गिऱ्हाईक असतं आणि नोंदी कुणाच्या हाती जातील सांगता येत नाही. तिलारीच्या खोऱ्यात, एवढं पुरे.

बाहेर रबराची लागवड, मग काजू, मग एकदम अंधार. आत शिरलं की चपला चिखलात रुततात. मे अखेर असूनही व्हाळाला (ओढ्याला) घोट्याएवढं पाणी. झाडं सरळसोट वर गेलेली, पण बुंधा जमिनीला टेकतच नाही, खाडीकाठच्या कांदळासारख्या आधारमुळांवर उभा असतो. आणि चिखलातून वर येऊन परत चिखलात घुसणारी मुळं, थेट दुमडलेल्या गुडघ्यांसारखी. दलदलीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून हे नाकपुडं बाहेर काढणं. वाटाड्या म्हणाला, "हयसर काळोखात चलशाल तर तोंडार पडशाल." मी उजेडातच पडलो.

एका खोडावर जुना कोयत्याचा घाव. त्यातून वाहून सुकलेला लाल चीक, अगदी रक्ताचा ओघळ. या कुळातल्या झाडांचा चीक लालच असतो. जायफळाच्या बागेत फांदी छाटणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, इथे मात्र पहिल्यांदा बघणारा दचकतो.

मोजणी: आमचं रानजायफळ, म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिका, मोठी झाडं ११. मांडीएवढ्या जाडीचं एकही नाही, मनगटाएवढं एकही नाही. म्हातारे आहेत, पोरं नाहीत. गळलेलं एक पान फूटपट्टीने मोजलं, ४३ सें.मी.

२ जून २०२४

बिया न्यायच्या तर कौल घ्यावा लागेल, असं मानकरी म्हणाले. परवानगीचे कागद आमच्याकडे होते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचा ठराव, वनखात्याला दिलेलं पत्र, सगळं फाईलमध्ये. मानकऱ्यांनी फाईल हातात घेतली, उलटी केली, परत दिली.

देवाला कळे लावले, उजवा पडला की होकार. गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ही पोरां तुझ्या झाडांची बियां घेवक इली हत, तुझोच परिवार वाडवक. काय चुकला माकला तर पोटात घाल रे म्हाराजा." मागून आम्ही सगळे: "व्हय म्हाराजा!" पहिल्यांदा उजवा कळा पडलाच नाही. बराच वेळ. शेजारचा कुजबुजला, पंखा लावा. पंखा कुठला, राईत वारासुद्धा नव्हता. शेवटी पडला, उजवाच.

अट एकच: "खाली पडला तां तुमचा. झाडावरला तां देवाचा."

शास्त्रीय बीजसंकलनाच्या नियमावलीत याहून शहाणं वाक्य मी वाचलेलं नाही. शेकडो वर्षं या राईतून वाळकी काटकीसुद्धा बाहेर गेलेली नाही, म्हणून तर हे ११ उरले. हेवाळे-बांबर्ड्याला तेच झालं. भालांडेश्वराच्या राईत २.५९ हेक्टरवर ७० झाडं टिकली ती देवाच्या धाकाने. शास्त्रीय नोंद झाली २०१८ मध्ये आणि जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला २०२१ मध्ये. म्हणजे सरकार पोचायच्या कितीतरी आधी गावकर पोचले होते.

५ जून २०२४

पर्यावरण दिन. तालुक्यात ठिकठिकाणी वृक्षारोपण. एका ठिकाणी खड्डे गेल्या वर्षीचेच होते, झाडं तेवढी नवी. आम्ही पिशव्या भरल्या. आठ बाय बाराच्या. पोयटा, शेणखत, वाळू. ४०० पिशव्या. कंबर गेली.

११ जून २०२४

बिया मिळाल्या! पण किती? ६४.

फळ हाताच्या मुठीएवढं, गंजाच्या रंगाची लव असलेलं, पिकलं की दोन शकलं होतात. आत बी, बीभोवती फाटक्या फडक्यासारखी पत्री. ही पत्री खायला धनेश आणि रानपारवे येतात, आख्खी बी गिळतात, पत्री पचवून बी दुसरीकडे टाकतात. खाली आमच्या वाट्याला येतं ते पक्ष्यांच्या चोचीतून निसटलेलं.

बी निवडायची रीत जायफळवाल्यांचीच. कानाजवळ धरून हलवायची. आतून खुळखुळली तर गर सुकून कवचापासून सुटला. ती मसाल्याला चालेल, रुजवायला नाही. ९ खुळखुळल्या. १४ ना बारीक भोक, आत अळी. उरल्या ४१.

या बियांचा सगळा घोळ हाच की त्या साठवता येत नाहीत. भाताचं बियाणं कणगीत वर्षभर राहतं. ही बी सुकली की मेली, आठवडा-दोन आठवड्यांत खेळ खलास. बीज बँक, शीतपेटी, कशाचा उपयोग नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवर मांडीवर धरून आणल्या. संध्याकाळी साडेसातला विजेरीच्या उजेडात ओल्या वाळूत पेरल्या, अर्ध्या बुडवून.

१९ जून २०२४

तीन वेगळी झाडं आणि गावाला तिन्ही "रानजायफळ". आज एका काकांनी उत्साहाने पिशवीभर बिया आणून दिल्या. त्या मायरिस्टिका मलबारिकाच्या निघाल्या, आमच्या झाडाच्या चुलत भावंडाच्या. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तेही संकटग्रस्तच आहे. त्याची पत्री म्हणजे बाजारातली रामपत्री. रंग आहे, वास नाही. जायपत्रीत भेसळ करायला पूर्वापार हीच वापरतात. "बॉम्बे मेस" या नावाने ती परदेशी गेली आणि तिथल्या मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. पत्रीसाठी झाडावर चढून कच्ची फळं फांदीसकट काढतात, मग पक्ष्यालाही नाही आणि जमिनीलाही नाही. काकांना विचारलं, कुठून आणल्या? "आमच्याच परसातून. एकच झाड आसा, आजोबान ठेवल्यान." त्या ५८ बियांचा वेगळा वाफा केला, वेगळी पाटी लावली. पाटी पावसाने धुतली. पुन्हा लावली, आता पत्र्यावर खिळ्याने कोरून.

२९ जून २०२४

काही नाही. वाळू आणि वाळू.

मी एक बी उकरून पाहिली. नर्सरीतल्या वहिनींनी हात धरला: "रोज उकरून बघल्यार रुजतला कसा?"

मध्यंतरात सीतेच्या अशोकाच्या शेंगा आल्या. हा आपला सोयीचा गडी, बी ताजी असेल तर भराभर रुजतो. याचं दुःख वेगळं. अशोकारिष्टासाठी साल लागते, साल काढताना झाड सोलून निघतं. मागणी इतकी की बाजारात खऱ्याच्या नावावर आसुपालवाची साल खपते. रस्त्याकडेला उंच, निमुळता उभा असतो तो. शहरातला माणूस त्यालाच अशोक म्हणतो, त्यामुळे फसवणाऱ्याला फार खोटं बोलावंही लागत नाही.

२४ जुलै २०२४

रुजलं. सहा आठवडे पूर्ण झाले. वाफ्याच्या उजव्या कोपऱ्यात कवच तडकून आधी मूळ खाली गेलेलं, मग तांबूस दांडा. वहिनींनी हळद-कुंकू आणलं. मी फोटो काढला, त्यात त्यांचा अंगठाच मोठा आला.

पाऊस बेफाम. शेडनेटवर पाणी साचून पोट सुटतं, दर दोन तासांनी काठीने खालून ढकलायचं.

९ ऑगस्ट २०२४

चहाच्या टपरीवर पावसात अडकलो. नरक्याचा विषय निघाला. एक म्हातारबाबा सांगत होते, त्या काळात रात्री घाटात ट्रक भरायचे, लोकांना वाटे जळाऊ लाकूड. नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरवरची औषधं करतात. हे रसायन आधी १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं आणि सात-आठ वर्षांच्या आत कळलं की आपल्या सह्याद्रीतल्या या घाणेरड्या वासाच्या झुडपातही ते आहे. मग काय. मुळासकट उपटायचे. फुटवा यायलाही बुंधा ठेवला नाही. "आमका मजुरी गावली. झाड कशाक जाता ता कोणी सांगूक नाय," बाबा म्हणाले. राग कुणाचा धरायचा कळेना. चहा थंड झाला.

३ सप्टेंबर २०२४

चतुर्थी शनिवारी, उद्यापासून कुणी कामाला येणार नाही. म्हणून आजच मोजून ठेवतो.

मॅग्निफिका: ४१ पैकी २६ रुजली. एक रोप उंदराने दांड्यातून कापलं, दोन मर लागून कोसळली. पिशव्यांत २३.
मलबारिका: ५८ पैकी ३१.
सीतेचा अशोक: ४१२.
कावशी (इथलंच एक सदाहरित झाड): बी आलीच नाही. यंदा झाडांना फळ नव्हतं.

निधी देणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात रकाना आहे "एकूण रोपे, उद्दिष्ट २०००". मी ४६६ लिहिलं. त्यांचा फोन आला: काहीतरी जलद वाढणारं घालून आकडा पूर्ण करता येईल का? करता येईल. अकेशिया लावला तर महिन्यात होईल. मी म्हणालो, रकान्याचं नाव बदलता येईल का? दोन्हीकडे शांतता.

१९ ऑक्टोबर २०२४

गोव्यात सत्तरीला जाऊन आलो, बांबरची निरंकाराची राई. सीमेपलीकडे तीच भाषा, तेच देव, तीच मुळं. तिथे दलदलीच्या अगदी कडेला कुळागर लागतं, माड, पोफळी, केळी. दोन पावलं इकडे देवाचं, दोन पावलं तिकडे माणसाचं. या जंगलाचं दुखणं तिथे उभं राहिल्यावर कळतं. रानजायफळाला हवी ती जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याची सपाट पट्टी आणि बारमाही पाणी. पोफळीलाही नेमकी तीच हवी. भातालाही. १९६० साली कृष्णमूर्तींनी त्रावणकोरातल्या अशा दलदलींचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नंतर केरळात बहुतेक दलदली खाचरांत आणि बागांत गेल्या. कुऱ्हाडीने नव्हे, तर फावड्याने. चर खणून पाणी काढून दिलं की झाडं उभ्या उभ्या मरतात, कुणी तोडावी लागत नाहीत.

परत येताना ठरवलं: राईत पाणी मोजायचं. बांबूच्या काठीवर बोटबोट अंतराने खुणा केल्या. एकच जागा, मोठ्या आधारमुळाजवळची.

१२ डिसेंबर २०२४

रात्री हत्ती. २००२ पासून कर्नाटकातून येतात, आता पाहुणे म्हणायची सोय नाही. फटाके, डबे, आरडाओरडा. सकाळी पाहिलं तर शेडनेटचा कोपरा लोंबत होता, पाण्याची टाकी आडवी, बाजूच्या केळी साफ. रोपांमधून दोन पावलं गेलेली, बादलीएवढे ठसे. मॅग्निफिकाची दोन रोपं ठशाखाली सपाट. बाकीच्यांना सोंडही लावली नाही. वहिनींचं म्हणणं, देवाची म्हणून सोडली. माझं म्हणणं, केळी गोड लागतात. शिल्लक २१.

८ फेब्रुवारी २०२५

राईला फुलोरा. फुलं इवलीशी, बघायला दुर्बीण लागली. आता भानगड ही की ही झाडं नर वेगळं, मादी वेगळी. ११ पैकी फळाच्या खुणा असलेली ४. म्हणजे आमच्या २१ रोपांत नर किती, मादी किती, हे पहिलं फूल येईपर्यंत कळायचं नाही. तोवर या प्रकल्पाचा निधी संपून किती वर्षं झालेली असतील, कोण जाणे. बागायती जायफळात मादीची कलमं बांधून प्रश्न सुटतो. इथे कलमं केली तर एकाच झाडाच्या प्रती लावल्यासारखं होईल, मग जंगल कसलं? ठरलं: एका ठिकाणी तीनपेक्षा कमी रोपं लावायची नाहीत. बाकी नशीब.

पाणी: पाच बोटं.

१६ मार्च २०२५

शिमगो. सगळे गावात. पाणी: तीन बोटं.

७ एप्रिल २०२५

एक बोट. २८ मेला घोटाभर असलेल्या जागी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक बोट.

व्हाळ धरून वर चढत गेलो. अर्ध्या तासावर झऱ्याच्या तोंडाशी दगडांचा नवा बांध, त्यातून दोन काळे पाइप खाली बागेत. मोटरबिटर नाही, उतारानेच पाणी जातं. बागेत नवीन पोफळी, दोन वर्षांच्या असतील.

९ एप्रिल २०२५

बागेच्या मालकांकडे गेलो. वयस्क गृहस्थ, मुंबईत गिरणीत होते, आता परत आलेत. कोकम सरबत दिलं. मी झाडं, मुळं, संकटग्रस्त यादी वगैरे बोलू लागलो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी पोफळ मेली तर ती खंयच्या यादीत येतली?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. आजही नाही.

मानकरी बरोबर होते हे बरं. ते यादीबिदीत पडलेच नाहीत. म्हणाले, पूर्वी वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) दिवसांत या व्हाळाची पाळी असायची, घराघराची. तीत एक पाळी राईची होती, त्या दिवशी कुणी पाणी फिरवत नसे. वायंगण बंद पडलं, पाळी गेली, पण देवाची पाळी कुणी मोडली का? बागवाले काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आठवड्यातून दोन रात्री व्हाल्व बंद करतो.

खरंच अशी पाळी होती का, असं मी परतीच्या वाटेवर मानकऱ्यांना विचारलं. ते नुसते चालत राहिले.

२२ एप्रिल २०२५

पाणी: दोन बोटं. मंगळवारी काका व्हाल्व विसरले. मी जाऊन बंद केला. शनिवारी पुन्हा विसरले. पुन्हा मी. विसरणं आहे की विसरण्याचं सोंग आहे, ठरवायच्या फंदात पडलो नाही. दोन रात्री मिळताहेत.

२७ मे २०२५

पाऊस आला! मे अखेरच, आठवडाभर आधीपासून कोसळतोच आहे. सगळा तालुका खूश, मी डोक्याला हात लावून. बिया गळायच्या ऐन वेळेला व्हाळ दुथडी भरला. गाऱ्हाणं घालून राईत गेलो तर निम्मी राई पाण्याखाली. ७ बिया मिळाल्या, त्यात ३ खुळखुळणाऱ्या.

एकाच वर्षी ६४ मिळाल्या म्हणून दरवर्षी मिळतील, असा हिशेब मी प्रस्तावात मांडला होता. लिहिताना खुर्चीत बसलो होतो ना.

१४ जून २०२५

लावणी. प्रस्तावात लिहिलं होतं "१ हेक्टर उतारावर पुनर्वनीकरण". उतारावर अशोक लावला, आंबा, बेहडा, सातवीणही. धनेशाला ढोलीसाठी जाड बुंधे लागतात ते यांचेच, पण ते नातवंडांच्या काळात. मॅग्निफिका उतारावर एकही नाही. ती लावली राईच्या खालच्या अंगाला, व्हाळाच्या दोन्ही काठांवर, जिथे पाय घोट्यापर्यंत रुततो तिथेच. १८ रोपं, तीन-तीनचे सहा गट. जागा सगळी मिळून एका मध्यम आकाराच्या खळ्याएवढी. तीन रोपं नर्सरीत राखून ठेवली.

पिशवी फाडल्यावर कळलं, सोटमूळ तळाशी पोचून दोन वळसे घेऊन बसलंय. आठ बाय बाराची पिशवीसुद्धा याला तोकडी. वळलेलं टोक धारदार कात्रीने कापलं, दुसरा इलाज नव्हता. पुढच्या खेपेला लांब नळ्या, नाहीतर बी थेट जागेवरच.

वहिनी आल्या होत्या. राईत बायकांनी आत जायचं नाही, म्हणून कडेलाच थांबल्या. वर्षभर यांनीच पाणी घातलं. मानकऱ्यांना विचारावं असं मनात होतं, पण कौल मागायची हिंमत झाली नाही. रोपं एकेक करून त्यांनीच आमच्या हातात दिली.

३ जुलै २०२५

१८ पैकी १८. तक्त्यात "१०० टक्के" लिहायचा मोह झाला. लिहिलं नाही, लावून तीन आठवडेच झालेत.

२ ऑगस्ट २०२५

१३.

पाच रोपं जमिनीपासून बोटभर वर कापलेली. तिरका काप, कोयत्याने मारल्यासारखा. आधी माणसाचाच संशय आला आणि कुणाकुणाची नावंही मनात येऊन गेली, त्याची आता लाज वाटते. वाटाड्याने चिखलातलं बीळ दाखवलं. बिळाच्या तोंडाशी अर्धं पान, आत ओढून नेता नेता अडकलेलं. कुर्ली, म्हणजे खेकडा. आम्ही थांबून राहिलो. तासाभराने एक आली, एक नांगी मोठी, एक लहान, आणि उरलेलं पान आडवं धरून मागे मागे सरकत आत घेऊन गेली. जुन्या झाडांखाली पोरं का नाहीत, याचं निम्मं उत्तर या बिळात असावं. पण कुर्ल्याही या दलदलीच्याच, त्यांना हाकलायचं कुठे?

बांबूच्या कामट्यांचे पिंजरे करून पाहू. वीतभर जमिनीत गाडून, वीतभर वर. आज ५ केले, उरलेल्या ८ रोपांना कामट्या कमी पडल्या.

६ ऑगस्ट २०२५

आठही पिंजरे बसवले. पिंजरा क्र. ४ पाण्याने कलला होता, दगड लावून सरळ केला. नर्सरीतल्या तिघांना मोठ्या पिशव्यांत हलवलं. यंदाच्या ४ बियांपैकी २ रुजल्या. काकांना भेटलो. पावसात व्हाल्वचा प्रश्न नाही, पण डिसेंबरपासून पुन्हा बोलावं लागेल. त्यांनी विचारलं, तुमच्या झाडांची मुळं सुपारीच्या पाण्याला त्रास देतील का? म्हणालो, नाही. येताना त्यांनी दोन पोफळीची रोपं दिली. नर्सरीत मलबारिकाच्या वाफ्याशेजारी ठेवली आहेत.

पुढच्या खेपेला नेणे: कोयता, सुंभ, पत्र्याच्या पाट्या, काठी (जुनी वाहून गेली).